चावलं, हे लेकरू सांगेल का?

श्रावणातली रात्र. आत उकडतं म्हणून ओसरीवर सतरंजी टाकून घरातली सगळी लेकरं ओळीनं झोपलेली. पहाटे चार-साडेचारला त्यातलं एक उठतं आणि म्हणतं, "आई, पोटात लई दुखायलंय." पाठोपाठ दोन उलट्या होतात. आदल्या दिवशी सण झालेला असतो, पुरणपोळी झालेली असते, त्यामुळे आईला कारण शोधत बसावं लागत नाही. ओवा-मीठ दिलं जातं. उजाडता उजाडता लेकराच्या पापण्या जड होतात, तेव्हा झोप झाली नसेल असं वाटतं. मग ते म्हणतं, गिळता येईना. आवाज बदलतो, मान धरवत नाही. अंगावर जखम नाही, सूज नाही, रक्त नाही. साप तर कुणी पाहिलेलाच नाही.

पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेल्या लेकराच्या बाबतीत ही लक्षणं याच क्रमानं आली, तर सगळ्यात आधी मण्यारची शंका घ्यायची असते. अपचनाची, वाऱ्याची, बाहेरच्या बाधेची नंतर. नांदेड-लातूरकडच्या ज्या डॉक्टरांनी सर्पदंशाचे रुग्ण सांभाळण्यात उमर घालवली, त्यांना हे चित्र पाठ आहे. घरच्यांना मात्र ते बहुतेक वेळा माहीत नसतं, आणि तेवढ्यात दोन-तीन तास निघून जातात.

मुखेडचं नाव या विषयात देशभर घेतलं जातं, हे मुखेडच्या बाहेर फार लोकांना ठाऊक नाही. नांदेडपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवरचा, बालाघाटच्या डोंगररांगांतला हा तालुका. खडकाळ माळ, वाडी-तांडे, आणि पाऊस पडला की गुडघाभर चिखल. इथे डॉ. दिलीप पुंडे यांनी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवत सर्पदंशाचे हजारो रुग्ण तपासले. त्यांतल्या दहा वर्षांच्या अनुभवावरचा त्यांचा शोधनिबंध २००५ साली 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'त आला. मोठ्या शहरातल्या संस्थेतून न येता तो मुखेडहून आला, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुस्तकातला सर्पदंश आणि आखाड्यावरून बैलगाडीत, जीपमध्ये, मोटारसायकलवर येणारा सर्पदंश यांत फरक असतो. दुसऱ्या प्रकारात रुग्ण कधी आला, मध्ये कुठे थांबला, पायाला काय बांधून आला, यावरच अर्धा निकाल लागलेला असतो.

देशाचं चित्र काय? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेल्याचा अंदाज निघाला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि जवळजवळ सगळे खेड्यातले. पाऊण हिस्सा मृत्यू दवाखान्याबाहेर झालेले होते, म्हणजे घरी, वाटेत किंवा मांत्रिकाच्या दारात. आणि एकूण मृतांतली चौथाई पंधरा वर्षांखालची मुलं होती. ज्याला आपण शेतकऱ्याचा, शेतमजुराचा धोका समजतो, तो शाळकरी वयाचाही धोका आहे. कुपोषण, डेंग्यू, रस्त्यावरचे अपघात यांवर शाळेत भाषणं होतात. सापावर झालंच तर एक रंगीत तक्ता लावतात: नाग, मण्यार, घोणस, फुरसे, 'हे चार विषारी साप ओळखा'.

त्या तक्त्यावर माझा राग आहे. ज्ञान म्हणून तो चांगलाच. पण लेकराला वाचवण्याच्या कामी तो फारसा येत नाही. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांत दिवसाउजेडी, हातात पुस्तक घेतलेला माणूसही फसतो; दोघांच्याही काळपट अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. मण्यारचे पट्टे शेपटीकडे ठळक आणि जोडीजोडीनं, कवड्याचे मानेकडे ठळक, असा भेद आहे खरा. पण रात्री दोन वाजता मोबाईलच्या उजेडात घाबरलेल्या बापानं तो पाहावा, ही अपेक्षाच चुकीची. तशी गरजही नाही. भारतात मिळणारी सर्पविषाची लस एकच आहे आणि ती या चारही सापांवर चालते. डॉक्टर उपचार करतात ते लक्षणं बघून. सापामागे काठी घेऊन धावण्यात, त्याला मारून पिशवीत घालून आणण्यात जाणारा अर्धा तास लेकराचा असतो. शिवाय मारलेला सापही काही वेळ चावू शकतो. लांबून फोटो निघाला तर काढावा, नाही तर सोडून द्यावा.

मुलांना शिकवायचं ते वेगळंच. काही चावलं, टोचलं, पायाखाली काही वळवळलं, तर त्याच क्षणी मोठ्या माणसाला सांगायचं. वाचायला हे किती साधं वाटतं! पण लेकरू सांगत नाही. कारण ते जिथे होतं तिथे त्यानं असायला नको होतं. बोरीच्या जाळीत चेंडू गेला, दगडाच्या ढिगात हात घातला, कडब्याच्या गंजीवर चढून घसरगुंडी केली, विहिरीच्या कडेला गेलं. सांगितलं तर आधी पाठीत धपाटा बसणार, मग विचारपूस होणार. काटा रुतला असेल, असं मनाशी म्हणून ते गप्प राहतं. थोरामोठ्यांच्या तोंडी 'पान लागलं', 'जनावर भेटलं' अशी भाषा असते. संध्याकाळी सापाचं नावसुद्धा घेऊ देत नाहीत. अशा घरात सात वर्षांच्या पोरानं तोंड उघडून 'मला कायकी चावलं' म्हणावं, तर त्याला आधीपासून खात्री हवी की रागावणार कुणी नाही. ही खात्री घरानंच द्यायची आहे. जेवताना, झोपताना, पहिल्या पावसाच्या दिवशी दोनदा-तीनदा स्पष्ट सांगायचं: कुठे गेला होतास, हे आम्ही विचारणार नाही, चावलं तेवढं सांग.

मुलांच्या बाबतीत सांगण्याची घाई मोठ्यांपेक्षा जास्त. साप माणूस बघून विष कमी-जास्त सोडत नाही. साठ किलोच्या गड्याला चावताना जेवढं विष तो टाकेल, तेवढंच अठरा किलोच्या पोरीच्या अंगात टाकेल. तिच्या लहान अंगात ते अधिक तीव्र होतं, लक्षणं लवकर दिसतात. म्हणूनच लसीचा डोसही मुलांना मोठ्यांइतकाच लागतो. तापाच्या औषधासारखा वजनावर तो कमी होत नाही, कारण लस विषाला निष्प्रभ करते आणि विष तर तेवढंच असतं. सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. इवल्याशा लेकराला एवढं औषध बघून आजी घाबरते, डॉक्टरशी वाद घालते. हे आधी माहीत असलेलं बरं.

आता मण्यार. हा साप रात्रीचा. दिवसा मवाळ, गुंडाळी करून पडून राहणारा, रात्री मात्र उंदीर, सरडे, दुसरे साप शोधत घरात शिरणारा. झोपलेल्या माणसाच्या अंगाखाली आला, कूस बदलताना दबला, तर चावतो. दात बारीक, दुखणं जवळजवळ नाही, सूज नाही, खूण शोधून सापडत नाही. मोठ्यांनाही डास चावल्यासारखं वाटतं आणि ते कूस बदलून झोपतात. विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम करतं. आधी पापण्या पडतात, मग जीभ, घसा, मान, शेवटी श्वासाचे स्नायू. एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. या अवस्थेत लेकरू हलत नाही, डोळे उघडत नाही, बुबुळंही हलत नाहीत. बघणाऱ्याला ते गेल्यासारखं वाटतं. पण श्वास कृत्रिमरीत्या चालू ठेवला तर मेंदू शाबूत असतो आणि ते आजूबाजूचं ऐकत असतं. व्हेंटिलेटरवर काही दिवस काढून अशी मुलं उठून चालत घरी जातात. म्हणून 'आता काय राहिलंय' असं कुणी म्हणू लागलं, तर त्याला गप्प करावं. छाती हलत नसेल तर तोंडानं किंवा दवाखान्यातल्या श्वास द्यायच्या पिशवीनं श्वास देत देत न्यावं.

नागाचं विषही मज्जातंतूंवरच जातं, पण नाग बहुधा दिवसा किंवा तिन्हीसांजेला, फणा काढून, दिसून चावतो. चावल्या जागी दुखतं, सुजतं, पुढे कातडी काळी पडते. निओस्टिग्मिन नावाचं इंजेक्शन नागाच्या दंशात बऱ्याचदा पापण्या पुन्हा उघडायला लावतं, मण्यारच्या दंशात तितकं नाही. फुरसं लहान, चिडकं, खडकाळ माळावर आढळणारं. रक्त पातळ करतं.

घोणस मात्र आपल्या शिवारातला मोठा शत्रू. जाड, आळशी दिसणारी, अंगावर साखळीसारखे तपकिरी ठिपके, आणि कुकरच्या शिट्टीसारखा लांब फूत्कार. सोयाबीन काढणीच्या दिवसांत, म्हणजे दसरा-दिवाळीच्या आगेमागे, पाचोळ्यात ती अशी मिसळून जाते की हाताखाली येईपर्यंत कळत नाही. दिवाळीच्या सुट्टीत शाळकरी पोरं-पोरी काढणीला मदत करतात, सोयाबीनच्या बनमीवर, म्हणजे कापून रचलेल्या ढिगावर, ताडपत्री ओढतात, आणि बनमीच्या उबेला उंदरांमागे घोणस आलेली असते. तिच्या विषानं रक्त गोठत नाही, हिरड्यांतून येतं, लघवीतून येतं. मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिसची वेळ येते. दुखणं जबर असतं, त्यामुळे इथे न सांगण्याचा प्रश्न नसतो. इथला प्रश्न वाटेत मोडणाऱ्या वेळेचा.

रक्त गोठतं की नाही हे तपासायची डॉक्टरांची रीत बघण्यासारखी आहे. महागडं यंत्र लागत नाही. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत लेकराच्या शिरेतलं दोन मिलिलिटर ताजं रक्त घ्यायचं आणि नळी खोलीच्या तापमानाला, न हलवता, वीस मिनिटं उभी ठेवायची. कुणी हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी नळी एकदाच तिरकी करायची. रक्त जेलीसारखं थिजून नळीला धरून बसलं, तर रक्तावर विषाचा परिणाम तूर्त नाही. पाण्यासारखं वाहून आलं, तर लस ताबडतोब. नळी काचेचीच हवी, कारण प्लास्टिकवर रक्त नीट गोठत नाही. साबणानं धुतलेली चालत नाही, त्यानंही निकाल चुकतो. डॉक्टर नळी ठेवून दुसऱ्या रुग्णाकडे वळले की नातेवाईक ओरडतात, "नुसतं बघत काय बसलात?" त्या वीस मिनिटांत कुणी नुसतं बघत नसतं. पहिल्या वेळी रक्त गोठलं तरी हीच तपासणी थोड्या थोड्या वेळानं पुन्हा करावी लागते.

याला जोडूनच आणखी एक भांडण होतं. साप चावलाय, तरी इंजेक्शन देत नाहीत! सगळे साप विषारी नसतात. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. लक्षणं नसतील, रक्त गोठत असेल, तर लस देत नाहीत, कारण ती घोड्याच्या रक्तातून तयार होते आणि काही रुग्णांना तिची जोरदार अॅलर्जी येते. घोड्याला थोडं थोडं विष टोचत नेतात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात, ती वेगळी काढून, सुकवून कुपीत भरतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. अॅलर्जी आलीच तर ॲड्रेनालीनच्या इंजेक्शननं ती आटोक्यात येते, त्यासाठी ते हाताशी भरून ठेवतात. तर लक्षणं नसलेल्या लेकराला चोवीस तास दवाखान्यात ठेवून लक्ष द्यायचं असतं. 'काही झालं नाही, चला घरी' म्हणून पहाटे उठवून नेऊ नये, विशेषतः दंश रात्रीचा असेल तर.

लसीबद्दल आणखी एक. तिच्यासाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येतं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक थोडंथोडं बदलतं, म्हणून मराठवाड्यातल्या सापांच्या विषावर लस करताना इथलंही विष वापरावं, अशी मागणी जाणकार करत आले आहेत. ती रास्त आहे. पण आज जी लस आहे ती वेळेत मिळाली तर जीव वाचवते, यात शंका नको.

आता वाटेतला वेळ. चावल्यावर पहिल्या दहा मिनिटांत घरानं काय करायचं? लेकराला खाली बसवायचं, चालू-धावू द्यायचं नाही. हातातल्या बांगड्या, पायातले वाळे, अंगठी आणि घोट्याला बांधलेला काळा दोरा, सगळं काढायचं किंवा कापायचं. पाय सुजला की तोच दोरा मांसात रुततो. हाड मोडल्यावर फळी लावून हात-पाय स्थिर करतो तसा चावलेला अवयव सैलसर बांधून हलू द्यायचा नाही. दोरी, सुतळी, रुमाल आवळून रक्त अडवायचं नाही, ब्लेडनं चिरायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, बर्फ नको, जडीबुटीचा लेप नको. कुणी आधीच आवळून बांधलं असेल तर ते वाटेत सोडू नये. अडलेलं विष एकदम अंगात जाऊ शकतं, म्हणून डॉक्टरांसमोरच सोडावं. किती वाजता चावलं, ते लक्षात ठेवावं.

वाहनाची वाट बघायची की निघायचं? १०८ ला फोन लावावा. पण वाडी-तांड्यावरून गाडी यायला उशीर होणार असेल तर मोटारसायकल चालते: एक जण चालवायला, मागे एक मोठा माणूस, मध्ये लेकरू घट्ट धरलेलं. उलटी होत असेल तर जीपमध्ये डाव्या कुशीवर झोपवावं. निघताना फोन करून विचारावं, लस आहे का, श्वास द्यायची सोय आहे का. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, मग मुखेडचं उपजिल्हा रुग्णालय, आणि गरज पडली तर नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय, ही वाट पावसाळ्याआधीच घरात सगळ्यांना पाठ हवी. लसीची पहिली मात्रा जवळच्या ठिकाणी घेऊन मग पुढे निघणं, हे नुसतंच 'पुढे न्या' ऐकून नांदेडचा रस्ता धरण्यापेक्षा कितीतरी चांगलं. तसं स्पष्ट विचारायला लाजू नये.

तोंडात काहीही घालू नये, हे वेगळं सांगायला हवं. कडुलिंबाचा पाला चावायला देऊन 'कडू लागतो का?' विचारायचं, मिरची खायला द्यायची, तूप पाजायचं, असे प्रकार अजून होतात. घसा लुळा पडलेल्या लेकराला घोटभर तूपसुद्धा श्वासनलिकेत जाऊन गुदमरवतं.

आणि मारुतीच्या देवळापुढे रात्रभर जागं ठेवणं, मंत्र घालून विष उतरवणं? मांत्रिकाच्या हातून पुष्कळ रुग्ण बरे होताना गावानं पाहिलेले असतात, हे खोटं नाही. बिनविषारी सापाचा किंवा विष न सोडलेला दंश मंत्रानंही बरा होतो आणि मंत्राशिवायही. गावाला दिसतो तो बरा झालेला रुग्ण. मण्यारच्या दंशाचा मात्र पहाटेपर्यंत निकाल लागतो आणि मग 'उशीर झाला होता' असं म्हणतात. वडीलधाऱ्यांशी देव-धर्मावर वाद घालण्यात मला अर्थ दिसत नाही. "नारळ मी नंतर आणून फोडतो, आधी दवाखाना," एवढं म्हणून गाडीला किक मारावी.

दंश होऊच नये म्हणून घरात करायच्या गोष्टींत खर्चाची एकच आहे: बाज किंवा खाट. लेकरं जमिनीवरून वर आली की मण्यारचा धोका निम्म्याहून कितीतरी कमी होतो, असं माझं मत आहे. खाट नसेल तर मच्छरदाणी, आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचलेल्या. नेपाळच्या तराईत झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी होत असल्याचं दिसलं होतं. एका मच्छरदाणीत डेंग्यू-मलेरियाचाही बंदोबस्त होतो, हा वरचा फायदा. धान्याची पोती, कोंबड्यांचं खुराडं झोपण्याच्या खोलीत नको, कारण उंदीर तिकडे आणि साप उंदरांमागे. सरपण, गोवऱ्या भिंतीला लावून न ठेवता चार पावलं दूर. ते काढायला लेकरांना पाठवू नये, पाठवलंच तर हातात काठी देऊन आधी ढीग हलवायला सांगावं. रात्री लघवीला उठताना बॅटरी आणि पायात चप्पल, शक्य तर बूट. सकाळी घालण्याआधी तोच बूट झटकायचा.

झटकायचा तो विंचवासाठीही. इंचू चावला की दुखतं, रडतं आणि थांबतं, अशी आपली समजूत. लाल विंचवाच्या, इंगळीच्या दंशात मात्र लहान मूल घामानं डबडबतं, हातपाय थंड पडतात, उलट्या होतात आणि काही तासांत फुफ्फुसांत पाणी होऊन दम लागतो. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात असे रुग्ण बघत बघत रक्तदाबाच्या प्राझोसिन या गोळीचा उपयोग जगापुढे मांडला, आणि पुढे २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाच्या दंशात घाम आणि थंड हातपाय दिसले, तर घरी चुना लावत बसू नये.

पूर आला की हे सगळं एकदम वाढतं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस आणि लेंडी धरणाचं पाणी यांनी हसनाळ, रावणगावसारखी गावं रात्रीतून वेढली. बिळात पाणी शिरलं की साप उंचवट्यावर येतो आणि माणूसही तिथेच आलेला असतो. पुरानंतर ओल्या घरात परतताना लेकरांना आधी आत सोडू नये, आणि भिजलेल्या कपड्यांच्या ढिगात हात घालायला लावू नये.

शाळेचं काय? उन्हाळाभर बंद असलेल्या खोल्या जूनच्या मध्याला उघडतात, तेव्हाच पाऊसही सुरू झालेला असतो. पोषण आहाराच्या तांदळाची पोती ज्या खोलीत, तिथे उंदीर. मैदानाच्या कडेला वाढलेलं गवत, फुटलेली फरशी, भिंतीला बिळं, अंधारं स्वच्छतागृह. शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्या बैठकीत पालकांनी या चार जागा स्वतः फिरून बघाव्यात. नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळातल्या वायनाड जिल्ह्यात, सुलतान बत्तेरी इथे, पाचवीतल्या मुलीला वर्गातल्या बिळातून साप चावला आणि ती गेली. तिला दवाखान्यात न्यायला उशीर झाला, यावरून तिथे मोठा संताप उसळला होता. त्या वर्गातल्या मुलांनी सांगितलं होतं. मोठ्यांनी वेळेवर मनावर घेतलं नाही, असा मुख्य आरोप होता. म्हणजे लेकराला सांगायला शिकवायचं तसं गुरुजींना ऐकायलाही. पालक येईपर्यंत वाट न बघता नेण्याची लेखी परवानगी पालकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच देऊन ठेवली, तर शिक्षकाचेही हात मोकळे राहतात.

मुखेड, कंधार, लोहा भागातून दर वर्षी कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, आणि सोबत शाळकरी लेकरंही. उसाच्या फडाजवळची कोपी म्हणजे पाचटाचं अंथरूण, उघडं दार, रात्रीची वीज नाही, आणि परका जिल्हा. तिथे जवळचा दवाखाना कोणता, लस कुठे मिळते, हे मुकादमाला पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. मुकादम माहिती देत नसेल तर तिथल्या आशाताईला विचारावं. पाचट जाळण्याच्या, उचलण्याच्या कामात लेकरांना घेऊ नये.

सरकारी पातळीवर हालचाल आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. केंद्रानं मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. नोंद झाली की कुठल्या तालुक्याला किती लस लागते याचा हिशेब निघेल, हा त्यातला खरा उपयोग. गावात झालेला दंश, बिनविषारी असला तरी, आरोग्य केंद्रात कळवणं म्हणूनच गरजेचं.

दवाखान्यातून सुटून आलेल्या लेकराकडे पुढचे दोन आठवडे लक्ष ठेवावं लागतं. लस घेतल्यावर साधारण पाच ते बारा दिवसांनी काहींना ताप येतो, सांधे दुखतात, अंगावर गांधी उठतात; ही लसीचीच उशिराची प्रतिक्रिया असते, औषधानं बरी होते, आणि दंश 'पुन्हा उलटला' असं त्यात काही नसतं. घोणसीचा दंश असेल तर लघवी कमी होते का ते बघावं, सांगितलेल्या तारखेला मूत्रपिंडाची तपासणी चुकवू नये. चावलेल्या बोटाची कातडी काळी पडली असेल तर ती घरी सोलू नये. मण्यारच्या दंशातून उठलेली काही मुलं पुष्कळ दिवस जमिनीवर झोपायला घाबरतात, अंधारात उठत नाहीत. त्यांना चिडवू नये, बाज द्यावी, दिवा ठेवावा. शाळेत महिनाभराचा अभ्यास बुडालेला असतो, तो कसा भरून काढायचा ते वर्गशिक्षकांशी बसून ठरवावं.